गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली?

आरोग्य प्रश्नोत्तरे

दवाखान्यात ॲडमिट असताना किंवा नुकताच डिस्चार्ज मिळाल्यावर अंगावर उठणाऱ्या पुरळाबद्दल सांगली आणि सातारा भागातून बरीच पत्रं आली. त्यातली सात इथे घेतली आहेत. बहुतेक पत्रांत औषधांची नावं काळजीपूर्वक लिहिली आहेत, पण ती कोणत्या तारखेला सुरू झाली हे फार थोड्या पत्रांत आहे. पुरळाचं कोडं सुटतं ते तारखांमुळे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

प्रश्न (सांगली) : आईला (वय ६८) न्यूमोनियासाठी ॲडमिट केलं होतं. इंजेक्शन सुरू करण्याआधी हातावर टेस्ट घेतली, त्यात काही निघालं नाही. तरी नवव्या दिवशी पोटावर आणि पाठीवर गोवरासारखं लाल पुरळ उठलं आणि दुसऱ्या दिवशी हातापायांवर पसरलं. पाच-सहा औषधं चालू होती. सगळे म्हणतात, औषध गरम पडलं. नेमकं कोणतं, हे कसं ओळखायचं? आणि मग त्या टेस्टचा उपयोग काय झाला?

उत्तर : आधी टेस्टबद्दल. कातडीत थोडं औषध टोचून १५-२० मिनिटांनी गांध उठते का, हे त्यात बघतात. म्हणजे औषध अंगात गेल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात येणारी रिॲक्शन होण्याची शक्यता आहे का, एवढाच अंदाज त्यातून मिळतो, आणि तोही पक्का नसतो. आठवड्याने उठणाऱ्या पुरळाची वाट वेगळी. ते पुरळ शरीरातल्या पांढऱ्या पेशी हळूहळू तयार होऊन उठवतात. टेस्टमध्ये ते दिसत नाही. त्यामुळे टेस्ट घेण्यात चूक झाली असं समजू नका.

आता औषध ओळखण्याबद्दल. एक कोरा कागद आडवा धरा. वर तारखा लिहा, डावीकडे एकाखाली एक औषधं, आणि प्रत्येक औषध जितके दिवस चाललं तितकी रेघ ओढा. पुरळ उठलं त्या दिवशी वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारा. केस पेपरवरून हे काम पंधरा मिनिटांत होतं. तुमच्या पत्रातली माहिती अशी मांडली तर हे दिसतं : बीपीची अम्लोडिपिन सहा वर्षांपासून चालू, सेफ्ट्रिॲक्सोन, पॅन्टोप्रॅझोल आणि पॅरासिटामॉल पहिल्या दिवसापासून, ॲझिथ्रोमायसिन पहिल्या दिवसापासून पाचव्यापर्यंत, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम सातव्या दिवशी सुरू.

गोवरासारखं पुरळ नवीन औषध सुरू केल्यावर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात उठतं. म्हणून सहा वर्षं चालू असलेली बीपीची गोळी जवळजवळ सुटली. सेफ्ट्रिॲक्सोनवर संशय सर्वात जास्त. ॲझिथ्रोमायसिन बंद होऊन चार दिवस झाले, तरी ते यादीतून काढायचं नाही, कारण औषध थांबल्यावरही काही दिवसांनी पुरळ उठू शकतं. घरचे लोक शेवटच्या औषधाला दोष देतात, पण पेनिसिलिनच्या जातीचं पिपरॅसिलिन दोनच दिवसांपूर्वीचं आहे. फक्त एक अडचण आहे. आईंना पूर्वी कधी पेनिसिलिनच्या जातीचं औषध, उदाहरणार्थ ॲमॉक्सिसिलिन, घेऊन पुरळ उठलं असेल तर दुसऱ्या वेळी ते एक ते तीन दिवसांतच येतं. तेव्हा हा प्रश्न त्यांना नक्की विचारा. बऱ्याचदा उत्तर मिळतं, ‘हो, दहा वर्षांपूर्वी दाढ काढली तेव्हा आलं होतं,’ आणि तोवर ते कुणी विचारलेलंच नसतं.

औषध बंद केल्यावरही दोन-तीन दिवस पुरळ पसरताना दिसतं. त्याला घाबरून आणखी चार औषधं वाढवू नयेत. नंतर ते तपकिरी होतं, बारीक कोंडा सुटतो आणि एक-दोन आठवड्यांत जातं. खाजेसाठी सेटिरिझिनची १० मिलिग्रॅमची एक गोळी, अंगाला कॅलामाइन, आणि डॉक्टरांनी दिलं तर लावायचं स्टेरॉइड मलम, एवढं बहुतेकांना पुरतं. किडनी कमजोर असेल तर सेटिरिझिनचा डोस डॉक्टरांना विचारून कमी करावा लागतो.

आणि हा कागद फेकू नका. फाइलच्या पहिल्या पानाला पिन करून ठेवा.

प्रश्न (कराड) : धाकट्या भावाचा मोटारसायकलवरून अपघात झाला. डोक्याला मार लागला, झटके येऊ नयेत म्हणून फिनिटोइन दिलं. घरी आल्यावर सोळाव्या दिवशी ताप आला, घसा दुखू लागला, डोळे लाल झाले. आम्ही सर्दी-ताप समजलो. दोन दिवसांनी तोंडात फोड आले आणि छातीची कातडी चोळली तर निघू लागली. आता तो दवाखान्यात आहे. हे कांजिण्यांसारखं जाईल का? आम्ही घरचे काय करू शकतो?

उत्तर : हे कांजिण्यांसारखं जाणारं दुखणं नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमची, म्हणजे औषधामुळे कातडी सुटण्याच्या गंभीर आजाराची आहेत. भावाला ॲडमिट केलंत हे योग्यच केलंत.

आपल्याकडे घरोघर माहीत व्हायला हवं असं या आजारातलं काही असेल तर ते त्याचे पहिले दोन दिवस. ताप, घशात टोचणं, डोळ्यांची आग, अंगाची कसकस, हे आधी येतं. पुरळ त्यानंतर. आणि ते पुरळ खाजण्यापेक्षा दुखतं. साध्या पुरळात माणूस खाजवतो. इथे अंगावरची चादरसुद्धा नको म्हणतो. ठिपके लालभडक न राहता मध्यभागी जांभळट, राखाडी पडतात. ओठ, तोंड, डोळे, लघवीची जागा यांपैकी दोन ठिकाणी फोड किंवा जखम दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. फिनिटोइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन, लॅमोट्रिजिन, ॲलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या, एचआयव्हीसाठीचं नेव्हिरापिन, सुजेसाठीच्या पायरॉक्सिकॅमसारख्या गोळ्या, यांपैकी काहीही गेल्या ४ ते २८ दिवसांत सुरू झालेलं असेल आणि असा ताप आला, तर त्या गोळीचा पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोला. झटक्यांची गोळी मात्र स्वतःहून बंद करून गप्प बसू नका, तिच्या जागी लगेच दुसरी लागते.

दवाखान्यात किती कातडी सुटली हे रुग्णाच्या स्वतःच्या पंजाने मोजतात. बोटांसकट त्याचा एक पंजा म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. १० टक्क्यांच्या आत असेल तर स्टीव्हन्स-जॉन्सन, ३० टक्क्यांच्या वर गेलं तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, आणि मधलं ते दोन्हींच्या सीमेवरचं. हा आकडा रोज लिहिला जातो, कारण धोका त्याच्याबरोबर चढतो. मोठ्या प्रमाणात कातडी सुटलेल्यांपैकी साधारण तीनातला एक जण दगावतो. हे वाचायला जड आहे, पण संशयित औषध जितक्या लवकर बंद होतं तितकी वाचण्याची शक्यता वाढते, म्हणून सांगितलं पाहिजे.

वॉर्डात काळजी भाजलेल्या रुग्णासारखी घेतात. खोली उबदार, साधारण ३० अंशांच्या आसपास, कारण सोललेल्या अंगातून उष्णता आणि पाणी दोन्ही जातात. सुटलेली कातडी ओढून काढत नाहीत. खालच्या जखमेवर तीच नैसर्गिक पट्टी असते. अंगावर चिकटपट्टी कुठेही लावायची नाही, सलाईनची सुई पक्की करायलासुद्धा पट्टी गुंडाळून बांधायची. जखमेवर पॅराफिनची जाळी. भाजल्यावर लावतात ते पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम इथे नको, त्यात सल्फा आहे, आणि सल्फानेच हा आजार झालेला असू शकतो. आपल्या भागात एक साधन सहज मिळतं, केळीचं पान. स्वच्छ करून निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानावर असा रुग्ण झोपवला की अंग चिकटत नाही, कूस बदलताना कातडी निघत नाही, आणि गारवा राहतो. भारतातल्या अनेक त्वचाविभागांत ही पद्धत वापरतात. पान कसं निर्जंतुक करायचं ते वॉर्डातूनच ठरवून घ्या. शेतातून तोडून आणलेलं पान थेट अंथरू नका.

सायक्लोस्पोरिन किंवा स्टेरॉइड द्यायचं का, कधी आणि किती, हा निर्णय त्वचारोगतज्ज्ञांचा. घरच्यांनी एक गोष्ट मात्र आग्रहाने विचारावी : डोळ्यांचे डॉक्टर आज येऊन गेले का? कातडी तीनेक आठवड्यांत भरून येते. डोळ्यांचं तसं नाही. पापणी बुबुळाला चिकटली, डोळा कोरडा पडला, तर ते आयुष्यभर राहतं. म्हणून पहिल्याच दिवसापासून दर दोन तासांनी थेंब आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची तपासणी हवी. कातडी किती छान भरली हे बघताना डोळे राहून जातात.

पुढे भावाला फिनिटोइन कधीच नाही. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि फिनोबार्बिटोनसुद्धा नाही, कारण या औषधांची बांधणी सारखी आहे आणि एकाने झालं ते दुसऱ्याने होऊ शकतं. झटक्यांसाठी बहुतेक वेळा लेव्हेटिरासिटॅमवर नेतात. ही चार नावं पाकिटात, मोबाइलमध्ये आणि आधार कार्डाच्या मागे, तिन्ही ठिकाणी लिहून ठेवा. अपघातात बेशुद्ध माणूस स्वतःची ॲलर्जी सांगू शकत नाही.

प्रश्न (मिरज) : पायाच्या जखमेसाठी व्हॅन्कोमायसिनचं सलाईन लावलं. दहा मिनिटांत चेहरा, मान, छाती लालबुंद आणि खाज. आता डिस्चार्ज कार्डावर ‘व्हॅन्कोमायसिन ॲलर्जी’ असं लिहिलंय. हे औषध पुन्हा कधीच चालणार नाही का?

उत्तर : बहुतेक वेळा हे वेगाचं दुखणं असतं, ॲलर्जी नव्हे. व्हॅन्कोमायसिन भराभर गेलं की पेशींतून हिस्टामिन एकदम सुटतं. १ ग्रॅम औषध किमान १०० मिनिटांत, म्हणजे मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, असं द्यायचं असतं. सलाईन थांबवतात, ॲव्हिल (ॲलर्जीचं औषध) देतात, लाली गेली की निम्म्या वेगाने पुन्हा लावतात. सलाईन किती मिनिटांत गेलं हे नर्सिंगच्या कागदावर बघा आणि कार्डावर ‘जलद दिल्यास लाली’ असं दुरुस्त करून घ्या. चुकीच्या ‘ॲलर्जी’मुळे पुढे चांगलं औषध हातचं जातं. मात्र त्या वेळी दम लागला असेल, ओठ सुजले असतील किंवा बीपी पडलं असेल तर गोष्ट वेगळी. तशा वेळी पहिलं औषध ॲड्रेनालिन : मोठ्या माणसाला १:१००० चं ०.५ मिलीलीटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ॲव्हिल आणि डेक्सा (स्टेरॉइड) त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

प्रश्न (तासगाव) : वय ३४, द्राक्षबाग आहे. वर्षातून दोन-तीनदा खालच्या ओठावर आणि डाव्या मनगटावर त्याच जागी काळा चट्टा येतो, आग होते, मग राखाडी डाग उरतो. फवारणीचं औषध म्हणून हातमोजे घातले, तरी येतो. डॉक्टर बदलले, नागीण म्हणून मलम दिलं.

उत्तर : ‘त्याच जागी’ हे तुमच्या पत्रातले सर्वात मोलाचे शब्द. फवारणीचं औषध जिथे लागेल तिथे बाधतं. ओठावर एक आणि मनगटावर एक, रुपयाएवढे गोल, दर वेळी त्याच ठिकाणी, असं ते करत नाही. हे फिक्स्ड ड्रग इरप्शन असावं. त्या जागेच्या कातडीत जुन्या रिॲक्शनची आठवण ठेवणाऱ्या पेशी मुक्काम करून असतात. गोळी पोटात गेली की अर्ध्या तासापासून काही तासांत चट्टा जागा होतो, आधी चरचर, मग लाल, मग जांभळा, कधी मधोमध फोड.

आता दर वेळी चट्टा येण्याच्या आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवा. आपल्याकडे जुलाबाला मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी सर्रास घेतात, आणि या दोन्ही जातींच्या औषधांनी असे चट्टे येतात. सल्फाची कोट्रायमॉक्साझोल, मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, डॉक्सिसायक्लिन, डोकेदुखीच्या गोळ्या हेही नेहमीचे संशयित. गोळी सापडेपर्यंत मेडिकलमधून एकही मिश्रण गोळी घेऊ नका. जुलाबाला ओआरएस पुरतं. खात्री करून घ्यायला ती गोळी घरी मुद्दाम खाऊन बघू नका. प्रत्येक वेळी चट्टे वाढतात आणि क्वचित अंगभर फोड येतात.

प्रश्न (वाई) : वडिलांना युरिक ॲसिड वाढल्यामुळे ॲलोप्युरिनॉल ३०० सुरू केलं. पाच आठवड्यांनी ताप, चेहरा सुजला, अंगभर लाल पुरळ, मानेला गाठी. डेंगी निगेटिव्ह आला. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) २२ टक्के आणि एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) वाढलेलं. आता म्हणतात, गोळीमुळे झालं. पाच आठवडे सोसलेली गोळी अचानक कशी बाधली?

उत्तर : या रिॲक्शनचं वेळापत्रकच तसं आहे. तिचं नाव ड्रेस. औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी येते. ताप, सुजलेला चेहरा, गाठी, वाढलेले इओसिनोफिल, आणि कातडीबरोबर लिव्हर किंवा किडनीला सूज. पुरळापेक्षा आतल्या अवयवांचं नुकसान जास्त घातक. एसजीपीटी आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) सुरुवातीला वरचेवर तपासावे लागतात. स्टेरॉइड देतात ते आठवडे, कधी महिने, हळूहळू उतरवतात. बरं वाटलं म्हणून एकदम बंद केलं तर आजार उसळून येतो, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते. दोन-तीन महिन्यांनी थायरॉइड तपासून घ्या, काहींना उशिरा तो त्रास होतो.

मिरगीच्या गोळ्या, डॅप्सोन आणि सल्फासॅलाझिनही अशी रिॲक्शन देतात. पाळीच्या पोटदुखीला सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दलही औषधांचे मानदंड ठरवणाऱ्या सरकारी भारतीय फार्माकोपिया आयोगाने २०२३ च्या अखेरीस याच ड्रेसचा इशारा दिला होता.

डोसबद्दल एक सांगायला हवं. ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमने किंवा त्याहून कमी, किडनी कमजोर असेल तर ५० ने सुरू करून हळू वाढवायचं औषध आहे. आणि सांधा कधी सुजला नाही, मुतखडा नाही, फक्त रिपोर्टमध्ये आकडा थोडा वर आहे, तर बहुतेकांना त्याची गरजच नसते. रिपोर्टच्या आकड्यावर गोळी सुरू करण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि त्याची किंमत तुमच्या वडिलांसारखे लोक मोजतात.

प्रश्न (विटा) : आजीला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलं. तोंड आलं, काखेत आणि पोटावर कातडी सोलली. गावातल्या बायका हळद लावायला सांगतात. लावू का?

उत्तर : हळद राहू द्या, आधी पाकीट काढून गोळ्या मोजा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. आजी रोज घेत असतील तर ही ॲलर्जी नाही, डोस जास्त झाल्याची विषबाधा आहे, आणि आतमध्ये अस्थिमज्जाही दबलेली असू शकते. आजच ॲडमिट करा. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन तपासतात आणि फोलिनिक ॲसिडचं इंजेक्शन सुरू करतात. ते जितकं लवकर तितकं बरं. घरातलं फोलिक ॲसिड त्याच्याऐवजी चालत नाही.

बऱ्या झाल्यावर हे औषध पुन्हा सुरू करायचं ठरलं तर पाकिटावर मार्करने ठळक लिहा, ‘फक्त सोमवारी’. घरात महिन्याच्या चारच गोळ्यांचं पाकीट ठेवलं तर चूक चार गोळ्यांवर थांबते. दोन गोळ्यांचा डोस असेल तर आठ. सल्फाची कोट्रायमॉक्साझोल या औषधाबरोबर कधीही नको.

हळदीबद्दल : सांगलीच्या माणसाला हळद लावू नको म्हणणं जिवावर येतं. पण सोललेल्या कातडीवर कोणतीही पूड जंतू आणि माती घेऊन जाते. शिवाय पिवळ्या लेपाखाली पुरळाचा रंग जांभळा पडतोय का हे डॉक्टरांना दिसत नाही. लेप लावण्याआधी निदान उजेडात एक फोटो काढून ठेवा.

प्रश्न (सातारा, परिचारिका) : वॉर्डात महिन्याला चार-पाच रुग्णांना पुरळ उठतं. आम्ही फाइलवर लाल शाईने लिहितो. आणखी कुठे कळवायचं असतं का? खात्री नसताना कळवलं तर आमच्यावर येईल का?

उत्तर : कळवायचं असतं, आणि खात्री लागत नाही. संशय पुरतो. भारतात २०१० पासून औषधसुरक्षा कार्यक्रम चालू आहे. त्याचं केंद्र गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगात आहे. फॉर्मवर चार गोष्टी हव्यातच : रुग्णाची आद्याक्षरं आणि वय, संशयित औषध, काय रिॲक्शन झाली, आणि कळवणाऱ्याचं नाव. शक्य तर बॅच नंबर, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख, आणि बंद केल्यावर पुरळ उतरलं का हेही लिहा. नावं गुप्त राहतात आणि हा फॉर्म कुणाची चूक शोधण्यासाठी नाही. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या औषधशास्त्र विभागात तो मिळतो आणि घेतला जातो. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्ण आणि नातेवाईकांसाठी वेगळा सोपा फॉर्म आहे, तो मराठीतही आहे.

मात्र वॉर्डातलं प्रत्येक पुरळ औषधाचं नसतं. दहा दिवस उताणा पडलेल्या रुग्णाच्या फक्त पाठीवर, चादरीला टेकणाऱ्या भागात बारीक पाणीदार दाणे आले, तर तो घामोळ्यांचा प्रकार असतो, एप्रिल-मेमध्ये जास्त. कूस बदला आणि गादीवरचं रेक्झिन काढा. पुरळाचा काठ चिकटपट्टीच्या चौकोनी आकाराचा असेल तर दोष पट्टीचा. जांघेत आणि स्तनांखाली लाल, कडेला छोटे दाणे, तर बुरशी. अंगावर गांधी उठल्यासारखं वाटत असेल तर एका गांधीभोवती पेनने वर्तुळ काढून वर वेळ लिहा. ती जागा २४ तासांच्या आत मोकळी झाली आणि गांध दुसरीकडे उठली, तर ती खरी गांध. वर्तुळातलं लाल दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल तर राउंडला दाखवा, आणि जाताना बोटाने हलकं दाबून बघा : रंग जातो की तसाच राहतो. तसाच राहिला तर रक्तवाहिन्यांना सूज असू शकते, आणि त्या रुग्णाची लघवी त्याच दिवशी तपासायला पाठवा.